वारजे ते ट्रॅक, नव्या टायरवर

शनिवारी सकाळी वारज्याहून निघाले, ते टायर बदलल्याशिवाय परतायचं नाही असं ठरवूनच. पुढच्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा माझी मोटरसायकल ट्रॅकवर न्यायची होती. नियम कडक होता. सकाळच्या तपासणीत टायर नापास झाले, तर दिवसभर कुंपणाबाहेर उभं राहायचं. माझे टायर मधोमध पाटासारखे सपाट झाले होते. रोज नाकासमोर खराडीच्या ऑफिसला जाऊन दुसरं काय होणार? बेचाळिसाव्या वर्षी आलेली संधी मी टायरपायी घालवणार नव्हते.

ऑफिसातल्या पोरांचा सल्ला एकच होता, "मॅम, फुल रेसचेच टाका, एकदम स्टिकी!"

बिबवेवाडीतल्या दुकानदारानं वर न बघताच विचारलं, "मिस्टरांची गाडी कुठली?"

"गाडी माझी. ट्रॅकसाठी टायर हवेत."

"ट्रॅकवर नेणार कशी? टेम्पोतून?"

"चालवत."

"मग रेसचा टायर कशाला? तो गरम झाल्याशिवाय धरत नाही. पहाटे घसरलात, तर पावती दाखवून हाड बदलून मिळत नाही."

माणूस खडूस होता, पण मुद्दा खरा होता. मी तीन-चार टायर खाली मांडून घेतले आणि अंगठ्यानं दाबून पाहिले. फार मऊ टायर खराडीच्या वाटेवरच संपला असता, फार कडक टायरनं वळणावर दगा दिला असता. शेवटी मध्ये कडक आणि कडांना मऊ, असा निवडला. तयार झाल्याचा आठवडा टायरवर छापलेला असतो, तोही वाचला.

"भाजी घेताय का?"

"हो. शिळी नको."

त्यावर तो पहिल्यांदा हसला.

आठवडाभर ऑफिसच्या फेऱ्यांत ते 'स्क्रब' केले (नव्या टायरवरचा गुळगुळीत थर चालवून घासून काढला). बाबांना हे काही पटलेलं नव्हतं. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. "या वयात पडायची हौस!" एवढंच म्हणाले. रविवारी पहाटे मात्र कडक इस्त्रीची पँट आणि चमकते बूट घालून तयार. "मी मागून कार घेऊन येतो. उचलायला कुणी नको?" माझी गाडीही त्यांनी पुसून ठेवली होती. राग निवळला म्हणायचा, असं वाटून मला बरं वाटलं.

शहर मागे पडल्यावर एका टपरीवर थांबलो. चहा आणि गरम भजी. बाकावरच्या आजोबांनी चौकशी केली, "तिकडं रेस हाय म्हनं? जितल्यावर काय देत्यात?"

"काही नाही."

"मंग कशापायी जाता?"

बाबाही भजं हातात धरून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "खड्डा नाही, सिग्नल नाही, कुणी आडवं येत नाही, असा रस्ता एकदा तरी हवाय."

"असा रस्ता हाय व्हय कुठं?" आजोबा म्हणाले.

होता. ओसाड माळावर काळाभोर, वळत गेलेला. तपासनीस खाली वाकले आणि त्यांनी टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट काळं, तेलकट झालं.

"कडांना पॉलिश आहे, मॅडम. पहिल्याच वळणावर आडव्या व्हाल. नापास."

मी कुठे पॉलिश मारलं होतं? मागून बाबांचा आवाज आला, "मी लावलं. काल."

आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासूनचा घरचा नियम आहे. चारचौघांत जाताना कपडे, चपला, सायकल, सगळं असं लख्ख हवं, की कुणाला नाव ठेवायला जागा नको. बाबांनी तोच पाळला होता. येताना रस्ता सरळ, त्यामुळे मधलं पॉलिश झिजलं आणि कडांचं राहिलं. मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, आणि त्यांचे चमकते बूट बघून रडूही आलं.

"धुतलं तर पुन्हा तपासाल का, साहेब?" बाबांनी विचारलं.

"पूर्ण निघालं तर."

साबण मिळाला, ब्रश मिळाला. बाबा इस्त्रीच्या पँटनिशी जमिनीवर बसले. "बाबा, तुम्ही राहू द्या."

"मी लावलंय. तू पुढचं घे."

पहिली तुकडी गर्जत सुटली, परतलीही. आम्ही घासतच होतो. तपासनिसांनी पुन्हा बोट फिरवलं. या वेळी ते कोरडं राहिलं. "जा. आधी हळू. दर फेरीला थोडं थोडं वाकवा."

तसंच केलं. पुढे कधीतरी एका लांब वळणावर गाडी आडवी कलली आणि टायरनं रस्ता घट्ट धरून ठेवला. हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं ओरडले. इतका आनंद मला कुठल्याच प्रमोशनला झाला नव्हता.

संध्याकाळी वारज्यात शिरताना गाडी धुवायला थांबलो. प्रवास तसा एका दिवसाचा, पण घरून निघालेले बाबा आणि परतलेले बाबा यांत बराच फरक होता. धुणाऱ्यानं सवयीनं पॉलिशची बाटली उघडली, तसे बाबा कारमधून उतरून धावतच आले.

"अहो, टायरला हात लावू नका!"

"काका, मळकट दिसेल. लोक नावं ठेवतील."

"ठेवू देत," बाबा म्हणाले. "त्याच्या भरवशावर माझी मुलगी वळते."