बुधवारी धुतलेलं डोकं

देशातली आणीबाणी उठली होती. आमच्या दोन खोल्यांतली तेव्हा कुठे सुरू झाली होती. तान्ह्या लेकीच्या डोक्यावर पिवळी खपली धरली होती. मी म्हणे, तेल मुरवून सौम्य साबणानं अलगद धुवावं. सासूबाई म्हणत, साबण टाळूत उतरतो, डाळीचं पीठच हवं. शेवटी तह झाला. जावळ काढेपर्यंत डोक्याला कुणीच पाणी लावायचं नाही.

आणि एका बुधवारी संध्याकाळी ते डोकं चक्क धुतलेलं!

केसांना साबणाचा वास, कानामागे पिठाचा कण. वासावरून गुन्हेगार मी, कणावरून त्या.

"सूनबाई, शाळेतून आल्या आल्या उरकलंस वाटतं?"

"मी? तुम्हीच बाजाराला निघण्याआधी उरकलं असेल, आई."

पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. खपली विरत चालली होती, पण आनंद कसला! आमच्या नजरा एकमेकींच्या हातांवर.

तिसऱ्या बुधवारी मी डोकं दुखण्याचं नाटक करून शाळेतून सटकले. गल्लीच्या तोंडाशी सासूबाई भेटल्या. हातात रिकामी पिशवी.

"तू शाळेत नाहीस?"

"तुम्ही बाजारात नाही?"

मग दोघींच्या एकदमच लक्षात आलं. पोरीजवळ फक्त तिचा बाप! बुधवारची सुट्टी असलेला कामगार, भरघोस मिशांचा, पाण्याचा पेलाही हातात मागणारा.

मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. आम्ही दाराच्या फटीला डोळे लावले.

तो पाटावर बसला होता. पोर मांडीवर, मानेखाली त्याचा पंजा. कोपर बुडवून त्यानं पाणी पाहिलं, कपाळावर हाताचा आडोसा धरला आणि पेल्यानं बारीक धार मागे सोडली. मऊ जागेवर बोटं नुसती फिरत होती.

"आधी आजीचं पीठ, मग आईचा साबण. दोघी खूश. पण सांगायचं नाही हं, ठकूबाई. आजी म्हणेल बायकी, आई म्हणेल रोज कर."

मी खरंच तेच म्हणणार होते. सासूबाईंनी माझं कोपर ओढलं. "चल. बाजार राहिलाय."

"पण आई..."

"आपण पाहिलं हे कळलं, तर पुन्हा हात लावेल का तो?"

रात्री जेवताना त्यांनी पोरीचं डोकं हुंगलं आणि कडाडल्या, "सूनबाई, पुन्हा साबण!"

"छे! तुमचंच पीठ आहे, आई!"

तो खाली मान घालून वरणभात कालवत राहिला. जावळ काढेपर्यंत आम्ही दर बुधवारी कडाकडा भांडलो.