पावरलूमच्या भिंतीपाशी केलेला रियाज

मला नट व्हायचं होतं आणि नटाचा आवाज फाटका असावा, अशी माझी ठाम समजूत होती. ही समजूत मला कोणी दिली नव्हती. ती मी स्वतःच्या अकलेनं कमावली होती, त्यामुळं कोणी ती काढून घ्यायला आलं की मी भांडत असे. आमच्या रामलीलेत रावण होणाऱ्या माणसाचा घसा शेवटच्या दिवसापर्यंत पार बसलेला असायचा. त्या बसलेल्या घशानं तो हसला की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या मांडीवर चढत. मला वाटायचं, हाच तो अभिनय. घसा बसला म्हणजे कला अंगात मुरली.

त्या वर्षी मी एकवीस वर्षांचा होतो. बी.ए. कसंबसं पदरात पडलं होतं आणि भोपाळच्या एका नाट्यशाळेची निवडचाचणी तीन महिन्यांवर आली होती. बाबा कचेरीत कारकून. त्यांनी चष्मा पुसत पुसत निकाल दिला, "एकदाच. एकदा जाऊन ये. झालं तर झालं. नाही झालं तर बी.एड.चा फॉर्म भरायचा, आणि मग तुझं नाटकबिटक रविवारी."

तयारीची सोय नव्हती, असं म्हणायलाही मला जागा नव्हती. आमच्याच राजपुरा मोहल्ल्यात चार गल्ल्यांवर एक ताई राहायच्या. त्या भोपाळलाच नाटक शिकलेल्या, लग्न होऊन बुऱ्हानपूरला आलेल्या. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये त्या आम्हा आठ-दहा जणांना शिकवत. मी गेलो त्या पहिल्या रविवारी त्यांनी सगळ्यांना चटईवर उताणं झोपवलं आणि प्रत्येकाच्या पोटावर एकेक वही ठेवली.

"श्वास घ्या, वही वर. सोडा, वही खाली. बाकी काही करायचं नाही."

बाकी काही करायचं नाही हे मी इतकं मनावर घेतलं, की पाचव्या मिनिटाला माझी वही खाली पडली आणि मी घोरायला लागलो. ताईंनी उठवलं नाही. तास संपल्यावर विचारलं, "झोपतोस किती वाजता?"

"दोन," मी अभिमानानं सांगितलं.

"जेवतोस कधी?"

"भूक लागली की."

"आणि पाणी?"

मला हसू आलं. मी आलो होतो अभिनय शिकायला आणि या बाई दवाखान्यातल्या सिस्टरसारख्या चौकशा करत होत्या. मी म्हटलं, "ताई, आवाजाचं काहीतरी द्या ना. शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे."

"तेच देत होते," ताई म्हणाल्या. "तू घोरत होतास."

दुसऱ्या रविवारी पुन्हा चटई, पुन्हा वही. तिसऱ्या रविवारी मी गेलोच नाही. मी माझा मार्ग काढला होता, आणि तो फक्त बुऱ्हानपूरच्याच पोराला सुचू शकतो. घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर एक पावरलूमची शेड होती. बारा माग एकदम चालू झाले की बाहेरच्या रस्त्यावर उभं राहिलं तरी स्वतःचा विचार ऐकू येऊ नये. मी हिशेब केला: या खडखडाटाच्या वर आवाज चढला, तर भोपाळचा हॉल म्हणजे किस झाड की पत्ती.

झालं. रोज सकाळी शेडच्या मागच्या भिंतीकडं तोंड करून मी उभा राहू लागलो. स्वगत माझं मीच लिहिलेलं होतं. त्यात एक राजा होता. त्याचं राज्य गेलेलं, फौज गेलेली, आणि शेवटचा हत्तीही शेजारच्या राजाच्या पिलखान्यात जाऊन उभा राहिलेला. आमच्या गावात जिकडं बघावं तिकडं तट आणि दरवाजे, त्यामुळं इथल्या पोरांना राजाच सुचतो. त्या राजाचं दुःख मी भिंतीला बेंबीच्या देठापासून सांगत असे.

आठ-दहा दिवसांनी शेडमधून एक म्हातारे विणकर चहासाठी बाहेर आले. पांढरी दाढी, भुवयांवर सुताची भुरी. हातातला ग्लास तसाच धरून त्यांनी माझं अख्खं स्वगत ऐकलं. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "क्या हुआ बेटा? किसने मारा?"

"मारा नहीं, चाचा. रियाज कर रहा हूँ. आवाज़ का."

त्यांनी भिंतीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अच्छा. फिर दीवार ने क्या बोला?"

चाचा चहा संपवून म्हणाले, "तीस साल से अंदर काम कर रहा हूँ. हममें से कोई नहीं चिल्लाता. कभी आके देख."

मी मनात म्हटलं, यांना कलेतलं काय कळणार? आणि दुसऱ्या दिवसापासून आवाज आणखी चढवला.

महिनाभरानं, चाचणीला दीड महिना उरला असताना, आपली प्रगती दाखवायला मी पुन्हा रविवारी हॉलमध्ये गेलो. सगळ्यांसमोर उभा राहिलो, छाती फुगवली, आणि राजाच्या पहिल्याच वाक्यात, हत्तीपर्यंत पोचायच्या आधी, कोणी दार लोटून घ्यावं तसा माझा आवाज बंद झाला. तोंड चालू, आवाज नाही. एका मुलीला तो अभिनय वाटला, तिनं टाळ्या वाजवल्या. ताईंनी मात्र जवळ येऊन विचारलं, "किती दिवस झाले असं होऊन?"

मी कुजबुजलो, "आवाज मुरतोय, ताई."

"मुरत नाहीये. मरतोय. उद्या डॉक्टरकडं चल."

पण त्या संध्याकाळी घरात आधीच इलाज सुरू झाले. आईनं हळदीचं दूध दिलं, शेजारच्या काकूंनी ज्येष्ठमध, मामीनं खडीसाखरेतली मिरी, मित्रानं कच्च्या आल्याचा रस. कोणाचं मन मोडायचं नाही म्हणून मी सगळं एकाच संध्याकाळी घेतलं. घसा होता तसाच राहिला. पोट मात्र इतकं मोकळं झालं, की दुसऱ्या दिवशी ताई न्यायला आल्या तेव्हा मी दोनदा पायरीवरून परत फिरलो.

घशाच्या डॉक्टरबाईंनी तोंडात नळी घालून आतलं चित्र पडद्यावर दाखवलं. आवाजाच्या दोन्ही नाजूक पट्ट्यांवर ज्वारीच्या कणीएवढी एकेक गाठ.

"ओरडतोस कुठं?" त्यांनी विचारलं.

"भिंतीजवळ."

"कुणावर?"

"भिंतीवर."

त्यांनी ते कागदावर लिहिलंसुद्धा. मग म्हणाल्या, "तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं ताण वाढतो. गाठी बसल्या तर बसल्या. नाही बसल्या तर पुढचे उपचार, आणि मग या वर्षीची चाचणी विसरायची."

परत येताना मी ताईंच्या स्कूटीवर मागं बसलो होतो आणि पहिल्यांदाच घाबरलो होतो. बी.एड.ला नाही. मला एकाएकी आठवलं, की मला दुसरं काहीच येत नाही.

आता मौन. हल्लीच्या मौनाला फोन असतो. लिहिलेलं वाचून दाखवणारं एक ॲप मी त्यात घेतलं, पण त्याचा आवाज होता बाईचा, अगदी नम्र. मी लिहायचो, "आई, भूक लागली," आणि फोनमधल्या बाई तेच मधाळ सुरात म्हणायच्या. दोन दिवसांत आई थेट त्यांच्याशीच बोलू लागली. "हो बाई. त्याला सांग, भाकर थंडी होऊन राहिली. आणि पसारा आवर म्हणावं, तुझं तरी ऐकतो का पाहू." बाबा तर फोनसमोर जरा सावरून बसत.

बाहेर मात्र गंमत नव्हती. मी बोलत नाही म्हटल्यावर लोकांनी मला बहिराही धरलं. दुकानदार माझ्या कानाशी येऊन ओरडायचे, मित्र दोन मिनिटं खाणाखुणा करून कंटाळायचे. दहाव्या दिवशी सायकल सवयीनंच शेडकडं गेली. मी भिंतीपाशी नुसता बसून राहिलो. चाचा चहाला बाहेर आले.

"आज नहीं रो रहा?"

मी घशावर बोट ठेवून दुसऱ्या हातानं फुली मारली. चाचा हसले नाहीत. त्यांनी खिशातला कापूस काढून माझ्या कानांत घातला, मनगट धरलं आणि मला आत नेलं.

आत बारा माग, सूत घेऊन धावणारे धोटे इकडून तिकडं आपटतायत, आणि त्या सगळ्या गदारोळात माणसं निवांत गप्पा मारत होती. आवाज न काढता. अंगठा ओठाला लावून तिरका केला की चहा. दोन बोटं जोडून झटक्यात वेगळी केली की धागा तुटला. पोटासमोर हवेत मोठा गोल काढला की मालक येतोय. आणि जे हातांनी होत नव्हतं ते ओठांनी. प्रत्येक शब्द पूर्ण, शेवटच्या अक्षरासकट, सोलून समोरच्याच्या हातावर ठेवावा तसा. पलीकडच्या टोकाच्या माणसानं एक विनोद सांगितला. तो आठ माग ओलांडून अलीकडं आला आणि सगळी शेड खांदे हलवत हसली. कळला नाही तो फक्त मला. महिनाभर याच भिंतीपलीकडं आवाजाची तालीम केलेल्या कलाकाराला.

अख्ख्या गावात मुक्या माणसाला बोलता येईल अशी ती एकच जागा होती. मी रोज तासभर जाऊ लागलो. चाचा मागावरची नजर न काढता शिकवत. त्यांचं पहिलं सांगणं हे, की आधी समोरच्याची नजर धरायची, त्यानं बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. दुसरं त्यांनी बाहेर चहाच्या वेळी सांगितलं, "मुँह खोल, गला नहीं. तू उल्टा करता था." आणि रोज आत जाताना कापूस. मी एकदा नको म्हणून मान हलवली तर रागावले, "कान क्या दूसरे मिलने वाले हैं?"

हे सगळं मी फोनवर लिहून ताईंना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, हेच मी सहाव्या रविवारी घेणार होते. तू दुसऱ्यानंतरच पळालास."

तीन आठवड्यांनी गाठी निम्म्याहून कमी झाल्या होत्या. डॉक्टरबाईंनी दिवसाला पाच मिनिटं बोलायची परवानगी दिली. पहिलं वाक्य काहीतरी भारी बोलायचं असं मी ठरवून ठेवलं होतं. घरात सगळे वाट बघत होते. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पाणी." आईच्या डोळ्यांत पाणी आलं, बाबांनी माठातलं आणून दिलं. तेव्हापासून भोपाळपर्यंत मी रात्री दहाला झोपत होतो, वेळेवर जेवत होतो आणि पोटावर वही ठेवून शहाण्यासारखा श्वास घेत होतो. घोरलोही एकदा. ताई म्हणाल्या, "चालेल. आता झोपेचीही गरज आहे तुला."

चाचणीच्या खोलीत भला मोठा जुना कूलर होता. मागासारखाच खडखडत होता. माझ्या आधीची पोरं त्याच्या वर ओरडून ओरडून घामाघूम होऊन बाहेर पडत होती. मी आत गेलो. तिघे परीक्षक, त्यातल्या एक बाई कागदात मान घालून बसलेल्या. मी थांबलो. त्यांनी वर बघेपर्यंत थांबलो. मग राजाचं दुःख सांगितलं, घरातल्या माणसाला सांगावं तेवढ्या आवाजात.

एका परीक्षकानं विचारलं, "इतना धीरे क्यों?"

"सर, इससे ज़्यादा की इजाज़त नहीं है. डॉक्टर की भी, ताई की भी."

ते हसले आणि दारापाशी उभ्या असलेल्या शिपायाला म्हणाले, "तुम तक पहुँचा कुछ?"

शिपाई म्हणाला, "जी. हाथी वाली बात पे तो बुरा लगा."

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. बाबांनी बी.एड.चा फॉर्म आणून माझ्या टेबलावर ठेवला, पण भरलास का असं विचारलं नाही. ते तीन दिवस त्यांनी फोनमधल्या बाईंपेक्षाही हळू आवाजात काढले. मग दुसरी यादी आली, आणि तळातून तिसरं नाव माझं होतं. बाबांनी फॉर्म उचलला, घडी घातली आणि कपाटाच्या खणात अंथरला. अजून तो तिथंच आहे. त्यावर आईच्या बरण्या आहेत.

आता मीही सुट्टीत आलो की ताईंच्या हॉलमध्ये पोरांना शिकवतो. पोरं आवाजाचं काहीतरी द्या म्हणतात, मी वह्या वाटतो. कोणी घोरलं तर उठवत नाही.

दुसरी यादी लागली त्या दिवशी मी आधी ताईंकडं गेलो, पाया पडलो, आणि तिथून थेट शेडवर. दारातच कानात कापूस घातला. चाचा पाच माग पलीकडं होते. नजर धरली. घशात आवाज होता, चांगला भरलेला होता, पण तो तसाच ठेवला आणि नुसत्या ओठांनी म्हटलं, "हो गया."

चाचांनी माग थांबवला नाही. शेजारच्याकडं बघून ओठ हलवले, त्यानं पुढच्याकडं, आणि बघता बघता माझी बातमी बारा माग फिरून आली. सगळ्यांचे हात वर झाले. मग चाचांनी हात तोंडाकडं नेला आणि तळवा माझ्यापुढं पसरला. मला ही खूण शिकवलेली नव्हती. दुवा देत असतील म्हणून मी हात जोडले. त्यांनी पुन्हा तेच केलं, जरा वैतागून. मी आणखी भक्तिभावानं वाकलो. शेवटी ते उठून आले, माझ्या कानातला कापूस उपसला आणि कानाला तोंड लावून म्हणाले, "खाली हाथ आया है, नालायक? मिठाई किधर है?"

मी सायकल काढून मावा जलेबीच्या दुकानावर गेलो. तिथं ही गर्दी, प्रत्येक जण दुकानदारावर ओरडतोय. मी मागं उभा राहिलो, त्याची नजर धरली, दोन बोटं दाखवली आणि ओठांनी म्हटलं, "दो किलो."

माझ्या पुढच्या सहा जणांच्या आधी त्यानं मला पुडा दिला.