आत्याचा सोमवारचा चहा

आत्या गेली, आणि मी आठवडाभर लिहायचं टाळत होतो.

आज लिहितो. आज सोमवार आहे.

सुनंदाआत्या महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, कंट्रोल रूममध्ये होती. आग लागली, भिंत पडली, नदी चढली, की पहिला फोन तिला.

एकदा दहिसरला मॉक ड्रिल होतं. मी नुकताच हंपीहून परतलेलो (ती ट्रिप वेगळीच स्टोरी आहे, जाऊ दे).

"रिकामाच आहेस ना? मग जखमी हो," म्हणाली.

डोक्याला टोमॅटो सॉस फासून मी पुलाजवळ आडवा.

फायर ब्रिगेडने खोटी आग विझवली. पोलिसांनी रस्ता अडवला. सगळ्यांनी आपापल्या साहेबांना ऑल ओके कळवलं आणि वडे खायला गेले.

मला उचलायचं राहिलं.

अॅम्ब्युलन्स त्याच अडवलेल्या रस्त्यावर उभी होती. तिला आत सोडायचंय हे पोलिसांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्या आली. माझ्याकडे बघितलं.

"ऊठ रे. तू मेलास."

पुढच्या सोमवारपासून तिने ऑफिसात चहा सुरू केला. प्रत्येक खात्यातून एकाने यायचं. केलेल्या कामाच्या बढाया नकोत. तिचा प्रश्न एकच: "या आठवड्यात तू बाकीच्यांची काय वाट लावणारेस?"

हळूहळू सगळे बोलायला लागले. कोण रस्ता खोदणार, कोण पाणी बंद ठेवणार.

बोरीवलीत एका टॉवरला आग लागली, तेव्हा तिथलं पाणी बंदच होतं. पण ते चहावर आधीच कळलेलं, म्हणून टँकर जवळ उभा होता. सगळे जिवंत खाली आले.

ती रिटायर झाली आणि ऑफिसातला चहा बंद पडला. व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला, त्यावर नुसती गुड मॉर्निंगची फुलं.

मग ती माणसं सोमवारी आमच्या घरीच यायला लागली.

फक्त वीज कंपनीचे नाईक कधी आले नाहीत. "मी मेल टाकतो ना मॅडम." दोघांची फोनवर कायम जुंपलेली.

आता हा चहा कोण चालवणार, तेच डोक्यात घोळतंय. आज कुणी आलेलं नाही. आणि माझी स्वतःची नोकरी टिकत नाही, माझं कोण ऐकणार यार.

थांबा, बेल वाजली.

नाईक आलेत. घामाघूम. आत्याच्या फोटोला हात जोडले, बसले मात्र नाहीत.

म्हणाले, "उद्या दहिसरला लाइट बंद ठेवतोय, हॉस्पिटलच्या बाजूची. मेल टाकलाय. पण... सांगू कुणाला?"

चहा टाकलाय. बाकीच्यांना फोन लावतो.

आत्या, नीट जा.