पाटाची खालची बाजू

आईचा हात मोडला त्याला चार महिने झाले. कसा मोडला, हे मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, आणि प्रत्येक वेळी अर्धंच सांगितलं.

आई ठेंगणी. वरच्या फळीवरचं काही काढायचं तर पिठाच्या डब्यावर चढायची. म्हणून मी आणि बायकोने तिच्यासाठी घरीच दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल करायला घेतलं. जुन्नरच्या वखारीतून सागाच्या फळ्या आणल्या. मापं, खुणा बायकोच्या, करवत माझी. आई संकष्टीला ओझरला गेली होती. ती यायच्या आत स्टूल उभं करायची मला घाई. त्या घाईत वरच्या पायरीची फळी खुणेच्या आतून कापली. आखूड पडली, आणि वखार तोवर बंद झालेली.

माळ्यावर गणपतीचा पाट होता, आजोबांच्या वेळचा. दोन वर्षं आम्ही बैठकीसकट तयार मखर आणत होतो, त्यामुळे तो नुसताच पडून.

"अहो, आईंना विचारा तरी," बायको म्हणाली.

"आता कोण बसवतंय त्यावर?" मी म्हणालो, आणि पाट रुंदीला चार बोटं कापून ठोकून टाकला. वर ओळखू येऊ नये म्हणून हिरवा ऑइलपेंट दिला. म्हणजे चूक मला तेव्हाच कळत होती.

रंग वाळल्यावर आईने स्टूल उलटंपालटं करून पाहिलं. "लई भारी केलंय," म्हणाली.

पण चढताना पाय मात्र कडेवर द्यायची. पाट लांबीला स्टुलाच्या पायांच्या बाहेर दोन-दोन बोटं आलेला. "आई, मधे उभी राहा, उलटेल ते," मी ओरडायचो. ती "हां हां" म्हणायची आणि पुन्हा कडेवरच. उन्हाळ्यात कुरडयांचा डबा ठेवताना स्टूल कलंडलं. डावं मनगट मोडलं.

"किती वेळा सांगितलं, ऐकतच नाही," मी आल्यागेल्याला सांगायचो. लोक आईला चिडवायचे, "म्हातारे, झाडावर चढायचं वय ऱ्हायलंय का तुझं?" तीही हसायची.

प्लास्टर काढून घरी आलो, त्या दिवशी मी पुन्हा तेच सुनावलं. आई हळूच म्हणाली, "मधी कसा पाय दिऊ? तिथं देव बसायचा."

"तुला कधी कळलं?"

"पयल्याच दिवशी. खालून रंग द्यायचा ऱ्हायला व्हता तुझा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी दोघांनी हौसेनं केलं व्हतं. काय बोलायचं?"

त्याच दिवशी स्टूल मोडलं, पाट घासला. लाकडाच्या रेषांमधला हिरवा रंग काही निघाला नाही.

यंदा आईने मखर आणू दिलं नाही. गणपती त्याच पाटावर बसला. उंदीर मावेना, तेव्हा बायकोने शेजारी वाटी पालथी घालून त्यावर ठेवला.

आरतीनंतर मी खिरापत वाटत होतो. शेजारच्या काकूंनी आईचा हात हातात घेतला. "बरा हाय का गं? पोरगं बिचारं सांगून थकलं, मधी पाय दे म्हणून."

आता बोलावं, असं अगदी तोंडापर्यंत आलं होतं.

"चुकलंच माझं," आई म्हणाली.

मी काकूंच्या हातावर खिरापत ठेवली आणि पुढच्या माणसाकडे वळलो.