करवंटीवरचा नेम

उजव्या डोळ्याने दगा दिला तेव्हा मी साठीला टेकलो होतो. चाळीस वर्षं बांबूचं धनुष्य ओढलं, पण नेम धरणं म्हणजे काय ते कधी शिकलो नाही. बघायचं आणि सोडायचं. आता बघायलाच येईना. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा. सांभाळा म्हणे! बायकोला सांगून टाकलं, दसऱ्यापर्यंत बाण लागला नाही तर धनुष्य मोडून चुलीत घालीन.

मग नेमाची पद्धत बसवायला घेतली. तोंडवलीला सुरूच्या बनामागे वाळूत गवताचा भारा उभा केला, त्यावर पुठ्ठा बांधला आणि बऱ्याच अलीकडे एक करवंटी ठेवली. दोरी दर वेळी ओठाच्या कोपऱ्याला टेकवायची आणि बाणाचं टोक पुठ्ठ्यावर नाही, करवंटीवर धरायचं. बाण वरून गेला तर करवंटी जवळ आणायची, खाली पडला तर लांब सारायची. काम साधं, पण जीव मेटाकुटीला येतो. पुठ्ठा मला धुरकट दिसायचा आणि गुडघे वाळूत चालू देत नव्हते. म्हणून बघायला आणि बाण आणायला बायको.

"खंय लागलो?"

"पुठ्ठ्यारच. वायच वर."

महिनाभर तिच्या शब्दावर करवंटी सरकवली. शेवटी शेवटी ती "मदीच" म्हणू लागली. म्हटलं, जमलं बुवा एकदाचं.

एका सकाळी ती भात उतरवायला घरी गेली, तेव्हा मीच रखडत बाण आणायला गेलो. तिन्ही बाण डावीकडे वाळूत पडलेले. पुठ्ठ्यावरून हात फिरवला. एकसुद्धा भोक नाही. माझं डोकंच फिरलं.

ती आली तशी ओरडलो, "महिनोभर माका येडो केलंस?"

ती मटकन वाळूत बसली. "पयल्या दिवशी लागलो म्हटलंय, तर तुमी पोटभर जेवलास. मगे माझ्यान खरा सांगाक होईना."

राग गेला नाही, पण भांडायला त्राणही उरलं नव्हतं. म्हटलं, "आता तरी खरा सांग. खंय जाता?"

"डावीकडे. दोन पावलां."

तिला करवंटी उजवीकडे सारायला लावली आणि बाण सोडला. ती बाण बघून आली.

"बोल गो!"

"चुकलो," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत पुन्हा करवंटी सारायला गेली.