रक्त द्यायला आलेली माणसं

माझा धाकटा भाऊ मांजरसुंब्याला ढाबा चालवायचा. पस्तिशीच्या आतच त्याला शुगर निघाली, ती त्यानं हसण्यावारी नेली. किडन्या गेल्या तेव्हा मात्र कुणीच हसलं नाही. बीडला डायलिसिस सुरू झालं. आईनं आपली एक किडनी द्यायचं ठरवलं, तपासण्याही जुळल्या. आता फक्त त्यानं तग धरायला हवा होता.

पण त्याचं रक्त कमी कमी होत चाललं. ओठ पांढरे पडले, जिना चढताना मध्येच खाली बसायचा. आमच्याकडे रक्त कमी म्हटलं की सल्ल्यांना तोटा नाही. बीट द्या, खजूर द्या, गूळ-शेंगदाणे द्या. शुगरवाल्याला गूळ म्हणे. मी सगळ्यांवर खेकसत होते. डॉक्टरांनी समजावलं, शरीराला रक्त बनवायला सांगणं हेही किडनीचंच काम. ती थकली की नुसतं खाऊन भागत नाही, इंजेक्शनं लागतात. ती सुरू होती, पण गुण येईना.

"मग रक्त चढवायचं का?" मी विचारलं.

"अगदी जिवावर बेतलं तरच," डॉक्टर म्हणाले. "बाहेरचं रक्त गेलं की शरीर परक्याशी भांडायला शिकतं. उद्या आईची किडनीही झिडकारेल."

भाऊ खाटेवर डोळे मिटून पडला होता. मला वाटलं, झोपलाय.

तेव्हापासून वडवणीला घरी असले आणि फोन वाजला, की उचलायची भीती वाटायची.

आणि एका सकाळी बघते तर दवाखान्याच्या दारात जीप उभी. सगळे चुलतभाऊ रक्त द्यायला आलेले. बांधावरून भांडण झाल्यापासून आमच्याशी न बोलणारा थोरलाही त्यात होता. मला भरून आलं आणि धास्तीही वाटली. आता यांना नको कसं म्हणायचं? भावकीत असं नको म्हणणं म्हणजे जन्माचं वैर. तरी सांगितलं. थोरल्याचा चेहरा उतरला.

"कावून? आमचं रक्त वंगाळ हाय का?"

"तसं न्हाई, दादा. पण तुमाला बोलवलं कुणी?"

"त्यानंच फोन केलता. म्हणला, रक्त लागायलंय, लवकर या."

म्हणजे तो त्या दिवशी झोपला नव्हता. त्यानं डॉक्टरांचं सगळं ऐकलं होतं, आणि आईची किडनी आपल्याला चालूच नये म्हणून जीपभर माणसं बोलावली होती.

मी तशीच त्याच्या खाटेपाशी गेले. आई डबा घेऊन मागोमाग आलीच. मला बघून तो सगळं समजला. धापा टाकत म्हणाला, "आक्का, मह्यासाठी म्हातारीचं पोट फाडायचं न्हाई."

आईनं डबा स्टुलावर ठेवला.

"तुह्या येळंला फाडलंच हाय की," ती म्हणाली. "तवा तुला इचारलं व्हतं का कुणी?"

तो भिंतीकडे वळला. तेवढ्यात सिस्टर रक्त वाढवायचं इंजेक्शन घेऊन आली, तर त्यानं हात पांघरुणात ओढून घेतला. आईनं पांघरूण बाजूला केलं, त्याची बाही वर सरकवली आणि दंड घट्ट धरून ठेवला.

"टोचा," ती सिस्टरला म्हणाली.