राखेनं चाटलेलं चाक

गिऱ्हाईक दुकानात आलं की वस्तादांची पहिली धडपड त्याला परत पाठवण्याची असे. परळीत स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं सायकलचं दुकान होतं, जेमतेम दोन सायकली आत मावतील एवढं. कुणी "टायर बदलून द्या" म्हणालं की वस्ताद टायर दाबून बघत, गोल फिरवून बघत आणि म्हणत, "कावून बदलता? लई चालतंय अजून. जावा." अहो, धंदा असा करतात का? पण परत गेलेला माणूस पुढच्या खेपेला आणखी एकाला घेऊन यायचा.

मी त्यातलाच. शाळेत विज्ञान शिकवतो. डॉक्टरांनी वजनावरून झापल्यावर पंचेचाळिसाव्या वर्षी पुण्याहून जुनी रेसर सायकल विकत आणली. "आता हेच राहिलं होतं," बायको म्हणाली. वस्तादांनी मात्र सायकलीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मलाच विचारलं, "सर, हिला झेपताल का तुमी?"

टायरच्या बाबतीत त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मधून सपाट झालं, आतला दोरा दिसाया लागला, न्हाईतर दर दोन दिवसाला पंक्चर व्हाया लागलं, तर बदला. रंग उडाला म्हनून बदलू नका." एकदा मी मागचं टायर झिजलं म्हणून नवं टायर मागेच बसवून घ्यायला निघालो, तर केवढे चिडले! "मागचं फुटलं तर सायकल हालंल. पुढचं फुटलं तर तोंडावर पडताल. चांगलं ते म्होरं." पुढचं टायर काढून मागे घातलं, नवं पुढे बसवलं, तेव्हा कुठे शांत झाले.

परळीत वीज केंद्राची राख कुठे नसते? वाळत घातलेल्या कपड्यांवर, झाडांच्या पानांवर, माझ्या हेल्मेटवर. दर रविवारी सायकल धुवायची म्हणजे ती राखच धुवायची. त्या करड्या दुनियेत माझ्या पुढच्या चाकाच्या रिमवरची पट्टी, ब्रेकचं रबर घासतं ती, आरशासारखी लखलखायची. मला त्याचा भारी अभिमान. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो.

पन्नासावा वाढदिवस रविवारी होता. शंभरेक किलोमीटरवर गेवराईला माझा बालमित्र राहतो. त्या दिवशी सायकलवर तुझ्या दारात उभा राहतो, असा मी शब्द दिला होता, आणि त्यानं तो गावभर सांगून ठेवला होता. सहा महिने तयारी केली. आदल्या दिवशी शनिवारची अर्धी शाळा उरकून वस्तादांकडे गेलो, म्हटलं शेवटची नजर टाका.

त्यांनी डोळे मिटले आणि रिमवरून अंगठा फिरवला. ही त्यांची सवयच. "हे चाक उद्या न्यायचं न्हाई."

"का? चमकतंय की!"

"चमकतंय म्हनूनच. राख बसती रबरात, त्याचा हुतो पॉलिश पेपर. ब्रेक दाबला की रिम घासती. चाटून खाल्लंय राखंनं ह्याला. उतारावर कड फाकली म्हंजे?"

माझं डोकंच फिरलं. तडक शाळेत गेलो, प्रयोगशाळेतलं जाडी मोजायचं व्हर्नियर घेऊन आलो आणि त्यांच्यासमोर रिम मोजली. वरच्या कडेपाशी जेवढी रुंदी, तेवढीच ब्रेक लागतो तिथेही. "बघा!" मी म्हणालो. वस्तादांनी एक सरळ तार घेतली, पट्टीवर आडवी धरली आणि चाक उजेडाकडे केलं. तारेखालून उजेड दिसत होता.

"तुमच्या यंत्रानं दोनी काठ धरले, सर. मधलं आत गेलेलं पोट कुनी मोजायचं?"

वीस वर्षं पोरांना मोजमाप शिकवणारा मी! व्हर्नियर मिटलं आणि स्टुलावर बसलो. नवं चाक संभाजीनगरहून यायला आठवडा लागणार होता. मित्राला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात.

वस्तादांनी मला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः त्यावर चढले. भिंतीवर त्यांची स्वतःची शर्यतीची सायकल टांगलेली असे. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. म्हातारपणी पुन्हा चालवायची म्हणून तिला नवी रिम आणून, एकेक तार ओढून त्यांनी स्वतः चाक बांधलं होतं. मग गुडघ्यांनी दगा दिला. तेच पुढचं चाक त्यांनी काढलं आणि माझ्या सायकलीला लावायला घेतलं.

"वस्ताद, अहो, हे तुमचं—"

"भिंतीवर कुटं उतार लागतोय ह्याला?"

दुसऱ्या दिवशी मी गेवराईला पोचलो. मित्रानं हलगी वाजवून स्वागत केलं. परत आल्यावर चाक द्यायला गेलो तर वस्ताद म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. फिरतंय तर फिरू द्या."

वस्ताद गेले, त्याला चार वर्षं झाली. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तिथून जाताना अजूनही गलबलतं. त्यांचं चाक मात्र रोज माझ्या पुढे फिरत होतं, आणि मी खुश होतो.

मागच्या महिन्यात सायकल धुताना सहज अंगठा फिरवला. आत गेला. मी ती पट्टी पुसली आणि सायकल आत नेऊन ठेवली. लई चालतंय अजून, असं चक्क त्यांच्याच आवाजात स्वतःला आठवडाभर सांगितलं. त्यांच्या हातचं चाक काढायचं म्हणजे मला त्यांना दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं वाटत होतं. शेवटी रविवारी तार आडवी धरली. खालून उजेड आला. मग लक्षात आलं, वेळेआधी काही बदलू न देणाऱ्या त्या माणसानं वेळ झाल्यावर मला एक दिवसही सूट दिली नव्हती.

काल नवं चाक बसवलं. जुनं अंगणात टेकवून ठेवलेलं बघून बायकोनं विचारलं, "हे भंगारात द्यायचं का?"

मी स्टूल आणलं, वर चढलो आणि तिच्याकडे खिळा मागितला.

"भिंतीवर कुठं उतार लागतोय त्याला?"